पाण्याचं यंत्र आणि बायकी दीड मूठ मीठ

मार्चचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये एकेचाळीस हजार पाचशे फक्त. हजर होते: मी, माझे मिस्टर, माझ्या सासूबाई, नातेपुत्याहून आलेले माझे दीर राजाभाऊजी, आणि मागच्या पडवीत उभं असलेलं, पाणी मऊ करायचं आमचं अकरा वर्षांचं यंत्र. बैठक यंत्राबद्दलच होती, म्हणून पडवीचं दार उघडं ठेवलं. कुणाच्याही माघारी त्याचा निकाल लावू नये, असं माझं मत आहे.

निकाल यंत्राच्या विरुद्ध लागला. जुनं काढायचं, नवं घ्यायचं, आणि ते भाऊजींच्या दुकानातून घ्यायचं. एक हजार एक रुपये इसार मी तिथल्या तिथे दिला आणि वहीत लिहिला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सगळ्या बैठकीत आत्यांनी एकच प्रश्न विचारला.

"नव्या मशीनला बी मिठाचा पिंप असतोय न्हवं?"

"असतो की आई," भाऊजी म्हणाले, "ह्याच्यापेक्षा मोठा."

"मग घ्या," आत्या म्हणाल्या.

तो प्रश्न मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता. तेवीस वर्षं पाण्याच्या नोकरीत काढलेल्या बाईनं तर नक्कीच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल रंगवायचा एक कारखाना आहे, तिथे मी पाणी तपासते. तिथे मला सगळे पाणीबाई म्हणतात. बाहेरच्या माणसाला या नोकरीत काय करायचं असतं ते कळत नाही. आमच्या एका पाहुण्यांची तर बरीच वर्षं अशी समजूत होती की मी कामगारांना पाणी पाजते. म्हणून थोडक्यात सांगते. कारखाना बोअरच्या पाण्यावर चालतो आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात चुना विरघळलेला असतो. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, रंग टॉवेलवर सारखा बसत नाही, बॉयलरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो. म्हणून पाणी आधी सॉफ्टनरमधून काढतात. सॉफ्टनर म्हणजे एक उभी टाकी आणि तिच्यात राजगिऱ्याएवढे पिवळसर दाणे. त्यांना रेझिन म्हणतात.

एकेक दाणा म्हणजे एसटीची गाडी समजा. सुरुवातीला सगळ्या सीटांवर मीठ बसलेलं असतं. पाणी आत आलं की त्यातला चुना गाडीत चढतो, मीठ उठून त्याला जागा देतं, आणि चुना गेलेलं मऊ पाणी पुढे जातं. चार दिवसांत गाडी चुन्यानं भरते. मग तिच्यात दाट मिठाचं पाणी सोडायचं. मिठाची एवढी गर्दी आत घुसते की चुन्याला उतरावंच लागतं. तो मोरीतून निघून जातो आणि गाडी परत पहिल्यासारखी. टाकीशेजारी मिठाचा पिंप असतो, त्यातलं खारं पाणी यंत्र आपलं आपण ओढून घेतं. माणसानं फक्त पिंपात मीठ टाकत राहायचं. कारखान्यात हे यंत्र दोन पुरुष उंचीचं आहे, घरी माझ्या खांद्याएवढं. बाकी काम तेच.

पाणी मऊ झालं की नाही हे बघायला त्यात दोन औषधं टाकतात. पाणी जड असेल तर लाल होतं, मऊ असेल तर निळं. आत्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "निळं आलं म्हंजी पासच की. त्यात काय तपासायचं." आमच्या घरात भिंतीवरच्या फोटोपासून दारावरच्या पताकेपर्यंत निळ्याला मान आहे, त्यामुळे हा नियम त्यांच्या एकदाच सांगून लक्षात राहिला.

आमच्या कारखान्याच्या मोठ्या मालकांना मात्र औषधं नको असायची. ते पाणी जिभेवर घेऊन आकडा सांगायचे. "आज साडेचारशे." मी नवीन होते, मान डोलवायची. एकदा मी चार पेल्यांत पाणी ठेवलं आणि कुठल्यात काय आहे ते कागदावर लिहून खिशात ठेवलं. मालकांनी चार पेल्यांचे चार आकडे सांगितले. चारही पेल्यांत एकाच नळाचं पाणी होतं. कागद वाचून त्यांनी चारही पेले फिरवून बघितले, मग म्हणाले, "पेले वेगळे होते." पण दुसऱ्या दिवसापासून आकडा मलाच विचारायला लागले. पगारही वाढवला, दीडशे रुपयांनी.

आता मिठाची गोष्ट, कारण पुढे ती लागणार आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमचा सॉफ्टनर अचानक लाल पाणी द्यायला लागला. मी पिंपात रोज गोणी टाकते, गोणी संपते, आणि पाणी लालच. तिसऱ्या दिवशी मी पिंपातल्या पाण्यात हायड्रोमीटर सोडला. ही तरंगणारी काचेची कांडी असते, पाणी जितकं खारट तितकी ती वर राहते. ती सरळ तळाला गेली. म्हणजे पिंपात मीठ नव्हतंच. मग मी रंगखात्यात गेले. तिथले डायिंग मास्टर व्यंकटेश, तेलुगू माणूस, रंगात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. गडद रंग सुतावर बसायला मीठ लागतं, आणि त्यांच्या खात्याचं मीठ संपलं की ते माझ्या पिंपातून घमेली भरून नेत होते.

"मास्टर, हे काय करलालाव?"

"उसनं नेलालो की बाई. मीठ ते मीठ. तुमचं मोरीत जातंय, माझं टॉवेलला लागतंय."

त्या दिवशी मी पिंपाला कुलूप लावलं. चोर तीन दिवसांत पकडला म्हणून मालकांनी माझं कौतुक केलं, आणि पुढची वीस वर्षं मी ही गोष्ट नव्या मुलींना ऐटीत सांगत आले.

घरचं यंत्र मी अकरा वर्षांपूर्वी घेतलं. तेव्हा राजाभाऊजींनी नातेपुत्यात मोटारी आणि पाण्याच्या यंत्रांचं दुकान नुकतंच टाकलं होतं, आणि वहिनी आपल्याकडूनच घेणार असं ते धरून चालले होते. मी आठ यंत्रांचा तक्ता करून दुसरीकडून घेतलं. भाऊजींना लागलं. घरभर पाहुणे असताना त्यांनी विचारलं, "किती वर्षं चालंल हे?" मी म्हणाले, "पंधरा." ते म्हणाले, "आणि न्हाय चाललं तर?" मी म्हणाले, "तर पुढचं तुमच्याकडून, आणि पाण्यातलं मला कळत नाही असं सगळ्यांसमोर म्हणेन." तेव्हापासून ते आमच्याकडे आले की आधी पडवीत जातात, यंत्रावर हात ठेवतात आणि "तब्येत कशी हाय?" असं विचारतात. मला नाही, यंत्राला.

गेल्या दिवाळीनंतर तब्येत बिघडली. आधी टॉवेल. आमचा टॉवेल दोरीवरून काढला की पत्र्यासारखा उभा राहायला लागला. मिस्टर एका शाळेत क्लार्क आहेत, कशाची तक्रार करत नाहीत, पण तेही एकदा पाठ पुसून म्हणाले, "जरा सोलल्यासारखं वाटतंय." मग नळांवर पांढरी टोपी आली. मी पाणी तपासलं. लाल. चांगलं गर्द लाल.

मी वही काढली. घरच्या यंत्राची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवते. दर पंधरवड्याला मी पिंपात दहा किलो मीठ टाकते आणि त्या वेळी तळाशी किती उरलंय ते लिहिते. अकरा वर्षं किलोभर उरत होतं. दिवाळीनंतर काहीच उरत नव्हतं. म्हणजे यंत्र मीठ पूर्वीपेक्षा जास्त खात होतं आणि काम काहीच करत नव्हतं. मी शेरा लिहिला: 'वय झाले. खुराक वाढला, काम थांबले. दाणे गेले.' हा शेरा वहीत अजून आहे. खाडाखोड मी करत नाही.

मग प्रश्न आला, दुरुस्ती की नवीन. मिस्त्री बोलावला. दाणे बदलायचे साडेनऊ हजार, वरचं डोकं बदलायचं साडेअकरा हजार, मजुरी दीड हजार, एकूण साडेबावीस हजार, हमी नाही. नवं यंत्र साडेएकेचाळीस. कारखान्यातला माझा नियम असा की दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या वर गेली तर नवीन घ्यायचं. निम्मे होतात वीस हजार साडेसातशे. दुरुस्ती साडेसतराशे रुपयांनी हरली. नियम माझाच होता, त्यामुळे कुणाशी भांडायलाही जागा नव्हती.

पण ते पैसे मोकळे नव्हते. आत्यांची खोली पश्चिमेची, वर स्लॅब. सोलापूरचा मे महिना त्या खोलीत एप्रिलमध्येच येतो. आत्या शहात्तर वर्षांच्या. दोन वर्षं साठवून त्यांच्या एसीसाठी त्रेचाळीस हजार जमले होते. यंत्र घेतलं तर एसी पुढच्या वर्षावर जाणार होता. मी आत्यांना तसं सांगितलं.

"मला काय," आत्या म्हणाल्या, "मी भिताडावर पाणी मारून झोपंन. ते बी जड हाय म्हणा."

तर असा तो रविवार. इसार दिल्यावर भाऊजी उठले नाहीत. नुसते बसून राहिले, माझ्याकडे बघत. मिस्टरांनी पंख्याकडे बघितलं. मग मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पाण्यातलं मला कळत नाही." भाऊजी म्हणाले, "जरा मोठ्यानं वहिनी, आईला कमी ऐकू येतं." आत्यांना अजून भिंतीपलीकडचं ऐकू येतं. पण मी परत म्हणाले. करार तो करार.

नवं यंत्र पुढच्या रविवारी येणार होतं. बुधवारी माझ्या मनात आलं की वहीत शेवटची नोंद रीतसर हवी. मेलेल्या माणसाचासुद्धा दाखला लिहिताना नाडी बघतात. म्हणून पिंपातलं खारं पाणी सॉसच्या रिकाम्या बाटलीत भरून मी कारखान्यात नेलं, नळीत ओतलं आणि हायड्रोमीटर सोडला.

कांडी तळाला गेली.

मी बाटली हुंगली. पाणी परत ओतलं. कांडी परत तळाला. शेवटी मालकांसारखं बोट बुडवून जिभेवर घेतलं. आमटी अळणी झाली असती एवढंच मीठ होतं. अकरा दिवसांपूर्वीच्या शनिवारी मी पिंपात दहा किलो टाकलं होतं. यंत्रानं तेव्हापासून दोनदाच मीठ ओढलं होतं, फार तर पाच किलो.

डायिंग मास्टर व्यंकटेश चहा घ्यायला आले होते. आता केस पांढरे झालेत, निवृत्तीला वर्ष उरलंय. ते दारातून सगळं बघत होते.

"काय बघलालाव बाई?"

"मास्टर, घरच्या पिंपात मीठ टाकते आणि ते जातं. यंत्राला मिळत नाही."

मास्टरांनी कप खाली ठेवला आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"बाई, तुमच्या घरात डायिंग मास्टर कोण हाय ते बघा की."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तेवीस वर्षांत मिठासाठी रजा टाकायची ही पहिलीच वेळ. अर्जावर कारण 'घरगुती' असं लिहिलं, ते खोटं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पडवीत आमच्या गल्लीतल्या सहा बायका ओळीनं बसल्या होत्या, सातवं आसन आत्यांचं. घमेलं, टब, रंगाचा रिकामा डबा, एक बाळाला आंघोळ घालायचं पातेलं, अशा सात भांड्यांत बारा पाय, आणि भांड्यांतून वाफा. आत्या मात्र बसल्या नव्हत्या. त्या पिंपाचं झाकण उघडून उभ्या होत्या आणि मुठीनं मीठ वाटत होत्या, रेशनच्या दुकानदाराच्या शिस्तीत.

"आज लवकर आलीस," आत्या म्हणाल्या. "बस. पाय दुखत असतील तुझं बी."

"आत्या, हे मीठ कुठलं?"

"ह्यातलंच. दुसरं कुठलं? खडा मोठा हाय, लई गुण येतोय ह्याला."

"कधीपासून?"

"थंडी पडल्यापासनं. दिवाळी झाली की सुरू केलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला काय सांगायचं त्यात? ते मीठ मोरीतच जातंय की. दर चार दिसाला भडाभडा वाहून जातंय, मी डोळ्यांनी बघते. मोरीत जायच्या आधी पायाला लागलं तर काय बिघडलं?"

व्यंकटेश मास्टरांनी वीस वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा मी कुलूप लावलं होतं. आत्ता समोर सात जणी होत्या.

शेजारच्या रशीदाबींनी टबातून एक पाय काढून मला दाखवला. "मशीन को कुछ बी बोलो बाई, नमक को नक्को बोलो. मेरा घुटना दिवाली से चुप है."

मी आतून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. आत्यांना एक मूठ घालायला सांगितली. सत्तर ग्रॅम. परत घालायला सांगितली. एकाहत्तर. आत्यांच्या मुठीइतकी भरवशाची मापं आमच्या भांडारातसुद्धा नाहीत.

"एकीला किती देता?"

"दीड मूठ. शकुंतला पावणेदोन मागती, पर मी देत न्हाय. सगळ्यांस्नी सारखं."

शकुंतलाबाईंनी घमेल्यात बघितलं.

"रोज?"

"रोज. रविवार सोडून."

"रविवार का सोडून?"

"रविवारी तू घरी असतीस."

एका घमेल्यात पाण्याचा आवाज झाला. आत्याच पुढे म्हणाल्या, "तुला सुट्टी असती, म्हटलं गर्दी नको."

मी वही घेऊन पायरीवर बसले. बायकी दीड मूठ म्हणजे एकशे पाच ग्रॅम. सात बायका, सातशे पस्तीस ग्रॅम. पंधरवड्यात रविवार सोडून बारा दिवस, आठ किलो आठशे वीस ग्रॅम. मी टाकत होते दहा किलो. यंत्राच्या वाट्याला येत होतं एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम, आणि त्याची गरज नऊ किलोची. यंत्र म्हातारं झालं नव्हतं. साडेचार महिने उपाशी होतं. आणि मी त्याच्या वहीत खुराक वाढल्याचा शेरा मारला होता.

याचं मला अजून वाईट वाटतं, ते हसण्यावारी नेत नाही. कारखान्यात मी मीठ टाकते आणि ते पाण्यात उतरलं का हेही बघते. घरी नुसतं टाकलेलं लिहीत होते आणि त्यालाच मोजणं म्हणत होते. साधी कांडी घरी आणली असती तर हे पहिल्या पंधरवड्यात कळलं असतं. कारखान्यातला चोर तीन दिवसांत पकडला, घरचा साडेचार महिन्यांनी, आणि घरचा तर झाकण उघडं ठेवून रोज दुपारी तीनला काम करत होता.

"आत्या, रविवारी बैठकीत तुम्ही मशीनला मत दिलंत. तुमचा एसी त्यात जाणार होता."

आत्यांनी झाकण लावलं आणि पहिल्यांदा जरा विचार केला. "म्हंजी मिठापायी माझा एसी चालला व्हता?"

"हो."

"मग ते आदी सांगायचं न्हाय व्हय?" आत्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू चूक माझीच होती.

गुरुवारी मी कामावर गेले तर माझ्या टेबलावर एक जुनं कुलूप होतं, गंजलेलं, पण चालू. मास्टरांनी ठेवलं होतं. वीस वर्षांपूर्वी मी पिंपाला लावलेलंच ते. नवं कुलूप बसवल्यावर त्यांनी ते टाकू दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पंचवीस किलोची गोणी पिंपात ओतली, कुलूप घातलं, आणि यंत्राला ओळीनं तीन वेळा मिठाचं पाणी पाजलं. गुरुवारी पाणी लाल. शुक्रवारी जांभळं. आत्या दोन्ही दिवस परीक्षानळीसमोर उभ्या होत्या. शनिवारी सकाळी मी औषध टाकलं आणि पाणी निळं झालं, कडेपासून कडेपर्यंत.

"पास," आत्या म्हणाल्या, आणि जाऊन मिस्टरांना उठवलं.

रविवारी राजाभाऊजी छोट्या टेम्पोत नवं यंत्र घेऊन आले. फोनवर सगळं सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी स्वतः नळाचं पाणी भरलं, औषध स्वतः टाकलं. निळं. बोअरचं पाणी घेऊन तपासलं, औषध खराब आहे का बघायला. लाल. मग ते पडवीत गेले, यंत्रावर हात ठेवला आणि या वेळी काही विचारलं नाही.

"वहिनी, अजून चार वर्षं हायत की," शेवटी म्हणाले. "मी थांबतो."

"थांबा."

"पर ते तुम्ही बोललेलं, पाण्यातलं कळत नाही म्हणून, ते मी माघारी देणार न्हाय."

"राहू द्या. साडेचार महिन्यांपुरतं ते खरंच होतं."

"आणि इसार बी माघारी देत न्हायत."

"मला माहीत आहे. टेम्पोत मिठाच्या गोण्या आहेत ना?"

नव्या यंत्राबरोबर म्हणून त्यांनी चार गोण्या आणल्या होत्या. अडीचशे रुपयांना एक. मी त्या चारही उतरवून घेतल्या. दोन यंत्राच्या, कुलपातल्या. दोन आत्यांच्या, वेगळ्या डब्यात, त्यावर मी 'पाय' असं लिहिलं. नवं यंत्र टेम्पोतून परत नातेपुत्याला गेलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आत्यांच्या खोलीत एसी बसला. आता दुपारची पायांची बैठक तिथे भरते. वरून एसीचा गार वारा, खाली सात भांड्यांत गरम पाणी, आणि रशीदाबी अंगावर चादर घेऊन बसतात. विजेचं बिल मी वेगळ्या पानावर लिहिते.

टेम्पो आला त्या रविवारी अखेरीस दिलेली रक्कम अशी: राजाभाऊजींना चार गोण्या मिठाचे रुपये एक हजार, इसारातून वळते. राहिला रुपया एक, तो भाऊजींनी खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला आणि आत्यांनी माझ्या हातावरून उचलला. मी विचारलं, हा कशाचा. साडेचार महिने मीठ वाटलं त्या हमालीचा, त्या म्हणाल्या. आत्यांना हमाली, रुपया एक. सही घेतली आहे.